यंत्र चुकले की लाकूड?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मी परीक्षक म्हणून गेलो होतो. एका रांगेत शेजारी शेजारी दोन मांडण्या होत्या. दोन्ही शाळांकडे संगणकाच्या हुकुमाप्रमाणे लाकूड कोरणारे, टेबलावर मावणारे, एकाच जातीचे यंत्र होते. पहिल्या शाळेने सागाच्या फळीवर शाळेचे नाव कोरले होते. अक्षरे घोटीव, कडा गुळगुळीत, वर पॉलिशचा हात. दुसऱ्या मांडणीत नववीतल्या एका मुलीने लाकडाच्या चार लहान चकत्या ठेवल्या होत्या. कडांना कुसे आलेली, अंगावर पेन्सिलीच्या खुणा आणि बाण. ती म्हणाली, ‘‘सर, यातल्या दोन चकत्या कापताना फळी काटकोनात फिरवून ठेवली होती. खडबडीत भाग फळीबरोबर फिरला. पण हे चपटे डाग होते तिथेच राहिले.’’ मी ‘छान’ म्हणालो आणि पुढे गेलो. पहिले बक्षीस नावाच्या पाटीला मिळाले. त्या निकालपत्रावर माझी सही आहे.

परतीच्या एस.टी.त तिचे वाक्य पुन्हा आठवले आणि मी अस्वस्थ झालो. एका बिघाडाची दोन कारणे तिने एकमेकांपासून वेगळी काढली होती. आम्ही प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने जे करण्यासाठी धडपडतो ते तिने चार चकत्यांवर करून दाखवले होते. पाटीने काय दाखवले होते? कोणीतरी पॉलिश पेपर बराच वेळ घासला, एवढेच.

ही यंत्रे आता काही शाळांत आणि पुष्कळ हौशी लोकांच्या घरांत आली आहेत. ‘काम स्वच्छ कसे येईल?’ हा ती वापरणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो. त्याची जी उत्तरे यंत्राबरोबरच्या पत्रकांत, प्रशिक्षणांत आणि आपल्या प्रदर्शनांत दिली जातात त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे. उत्तरे सगळीच चुकीची नाहीत. पण ती पाककृतीसारखी दिली जातात, आणि कृती फसली की काय तपासायचे हे कोणी सांगत नाही.

हुकूम तेच, लोखंड वेगळे

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. छंदासाठी मिळणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळ ‘३०१८’ या आकड्याने ओळखली जातात, कारण त्यांचे कामाचे क्षेत्र ३० सें.मी. × १८ सें.मी. असते. डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशा. प्रत्येक दिशेला एक स्टेपर मोटर, तिला जोडलेला लांब स्क्रू आणि स्क्रूवरून सरकणारा नट. चौथी मोटर पाते फिरवते. हुकूम ‘जी-कोड’ नावाच्या भाषेत दिले जातात. उदाहरणार्थ, ‘जी१ एक्स५० एफ५००’ याचा अर्थ ‘मिनिटाला ५०० मि.मी. वेगाने सरळ रेषेत एक्स अक्षावरील ५० मि.मी.च्या खुणेपर्यंत जा’.

अशा यंत्रांचा पूर्वज मोठा आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वक्र आकारांसाठी गणिताने बिंदू काढत आणि त्या बिंदूंवरून धातू कापत. त्या कामातून सुचलेली कल्पना पुढे एम.आय.टी. या संस्थेत गेली आणि तेथे १९५२ मध्ये छिद्रांच्या पट्टीवरून हुकूम घेणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. ते यंत्र ओतीव लोखंडाचे, खोली व्यापणारे होते. आपले पाते प्रत्यक्षात कोठे पोहोचले हे मोजून चूक सुधारण्याची सोय त्यात होती. पुढे २००९ मध्ये ‘जीआरबीएल’ ही मुक्त आज्ञावली आली आणि तशाच हुकुमांनी चालणारी यंत्रे स्वस्त आर्डुइनो मंडलावर घरोघर बनू लागली.

हुकूम आपल्यापर्यंत पोहोचले, पण त्यांच्यामागचे लोखंड आणि मोजणी मात्र आली नाही. आपल्या टेबलावरचे यंत्र मोटरला ‘इतकी पावले टाक’ असे सांगते आणि ती टाकली गेली असे गृहीत धरते. पाते लाकडात अडकून मोटर चार पावले चुकली तरी यंत्राला ते कळत नाही. पुढचे सगळे काम तेवढे सरकून होते. सुताराचा हात याच्या नेमका उलट असतो. पटाशी अडखळली की मनगटाला कळते आणि हात आपोआप कोन बदलतो. यंत्राला मनगट नाही. म्हणून लाकडाविषयी जे सुताराच्या हाताला कळते ते येथे आधी डोक्याला कळावे लागते.

हजाराव्या भागाची जाहिरात

माझी पहिली टीका विक्रेत्यांच्या आकड्यांवर आहे. यंत्राची ‘अचूकता’ मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असल्याचे छापलेले आढळते. हा आकडा येतो कोठून? स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. विद्युत मंडल प्रत्येक पावलाचे १६ भाग करते. स्क्रूच्या एका फेऱ्यात नट ४ मि.मी. सरकतो. म्हणजे २०० × १६ ÷ ४ = ८०० सूक्ष्म पावले दर मिलिमीटरला, आणि एक सूक्ष्म पाऊल ०.००१२५ मि.मी.चे. भागाकार बरोबर आहे, पण त्याला अचूकता म्हणणे चूक आहे.

सेकंद काटा असलेले घड्याळ पाच मिनिटे मागे असू शकते. लघुत्तम माप वेगळे आणि अचूकता वेगळी, हे आपण व्हर्निअर कॅलिपर शिकवताना सांगतो. तेच येथे लागू आहे. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये थोडी फट असते. कारागीर तिला ‘प्ले’ म्हणतात, आपण ढिलाई म्हणू. मोटर उजवीकडे फिरत असता नट स्क्रूच्या आट्याच्या एका बाजूला टेकलेला असतो. दिशा उलटली की तो दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत मोटर फिरते, पण पाते हलत नाही. ही ढिलाई मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी असली तर ती ८० सूक्ष्म पावलांइतकी झाली. मग हजाराव्या भागाला काय अर्थ राहिला?

ढिलाई कमी करता येते. स्प्रिंगने एकमेकांपासून रेटलेले जोडनट लावतात, स्क्रूचे आणि बेअरिंगचे बोल्ट घट्ट करतात. पण ती किती आहे हे आधी मोजले पाहिजे, आणि ते कसे मोजायचे हे पत्रकात बहुधा नसते.

‘सावकाश चालवा’ हा सल्ला

दुसरी टीका एका सल्ल्यावर आहे. काम खराब आले की नवख्याला पहिल्यांदा सांगतात, ‘वेग कमी करा.’ हाताने काम करणाऱ्याला हे पटते, कारण हात सावकाश चालला की काम नीट होते. फिरत्या पात्याचे गणित मात्र वेगळे आहे.

पात्याची प्रत्येक धार एका फेऱ्यात लाकडाची एक पातळ ढलपी काढते. तिची जाडी काढणे सोपे आहे. पुढे सरकण्याचा वेग भागिले फेऱ्यांची आणि धारांची संख्या. मिनिटाला १०,००० फेरे, दोन धारा आणि सरकण्याचा वेग मिनिटाला ५०० मि.मी. असेल तर ५०० ÷ (१०,००० × २) = ०.०२५ मि.मी. ही केसापेक्षा पातळ ढलपी झाली. आता सल्ला मानून वेग १०० वर आणला तर जाडी ०.००५ मि.मी. होते. कोणतीही धार भिंगाखाली टोकदार नसते, किंचित गोलसर असते. वापरलेल्या पात्याची तर जास्तच. ढलपीची जाडी धारेच्या गोलाईपेक्षा कमी झाली की धार कापत नाही, ती लाकूड दाबते आणि घासते. बोथट विळीवर पिकलेला टोमॅटो धरला की काय होते ते आपण पाहतो. साल कापली जाण्याआधी दबते आणि मग फाटते. लाकडाचे तंतूही तसेच दबून फाटतात आणि कडेला लव उभी राहते. शिवाय घर्षणाने उष्णता वाढून कडा करपते आणि धार आणखी बोथट होते. सावकाश चालवून काम स्वच्छ होण्याऐवजी काळे होते.

याचा अर्थ ‘जोरात चालवा’ असाही नाही. वेग वाढवला की पात्यावरचा जोर वाढतो, हलके यंत्र वाकते आणि मोटर पावले चुकते. म्हणजे वेगाला खालून आणि वरून अशा दोन मर्यादा आहेत, आणि स्वच्छ काम त्यांच्या मधल्या पट्ट्यात होते. हलक्या यंत्राची वरची मर्यादा लवकर येते. अशा वेळी सरकण्याचा वेग तसाच ठेवून एकधारी पाते लावावे, म्हणजे वरच्या उदाहरणात ढलपी ०.०५ मि.मी. होते. नाहीतर पात्याचे फेरे कमी करावेत आणि एका वेळच्या कापाची खोली कमी ठेवावी. आपण पट्ट्यात आहोत की नाही हे सांगणारी खूण टेबलावरच पडलेली असते. पिठासारखी बारीक धूळ पडत असेल तर पाते बहुधा घासते आहे, बोटांना कण लागणारा भुसा पडत असेल तर ते कापते आहे. एम.डी.एफ.ला मात्र ही खूण लागू नाही, कारण मुळात बारीक तंतूंचा लगदा दाबून बनलेल्या त्या फळीची नेहमी धूळच होते.

विद्यार्थ्यांकडून हे करून घेणे अवघड नाही. एकाच फळीवर, एकाच खोलीचे, एकमेकांना समांतर पाच चर कापावेत आणि दर चराला फक्त सरकण्याचा वेग बदलावा. मग पाचही चर भिंगाखाली पाहावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम येथे आपोआप शिकवला जातो.

चकतीची साक्ष

आता त्या मुलीच्या चकत्यांकडे येऊ. माझ्या मते स्वच्छ कामाचे सर्वांत महत्त्वाचे कारण त्यांच्यात आहे, आणि पत्रकांत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी असतो. ते कारण म्हणजे लाकडाची रेषा.

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीने रचलेल्या नळ्यांची आणि तंतूंची जुडी. रंधा रेषेच्या बाजूने मारला की लांब, सलग ढलपी निघते. उलटा मारला की धारेपुढे तंतू फाटत लाकडाच्या आत शिरतात आणि पृष्ठभाग उपटून येतो. प्रत्येक सुतार फळी हातात घेतल्यावर आधी रेषा कोणीकडे जाते ते पाहतो. यंत्र पाहत नाही. सरळ रेषेत कापताना दिशा निवडता येते, पण गोल कापताना पात्याला रेषेशी प्रत्येक कोन करावाच लागतो.

गोल चकतीचे चार पाव भाग कल्पा. रेषा डावी-उजवी जाते असे समजू. कडेवरून पात्याची धार ज्या दिशेने जाते ती दिशा दोन समोरासमोरच्या पाव भागांत रेषेच्या बाजूची असते, तर उरलेल्या दोन समोरासमोरच्या भागांत रेषेच्या उलट. म्हणून कडेचे दोन भाग स्वच्छ आणि दोन भाग कुसे आलेले, असे चित्र दिसते. आता फळी काटकोनात फिरवून तीच चकती पुन्हा कापा. दोष लाकडाच्या रेषेचा असेल तर खडबडीत भागही फळीबरोबर फिरतील. यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर आधी जे पाव भाग स्वच्छ होते तेच आता खडबडीत असतील.

ढिलाईची खूण वेगळी असते. चकती कापताना एक्स अक्षाची दिशा वर्तुळाच्या डाव्या आणि उजव्या टोकाला उलटते, वाय अक्षाची पुढच्या आणि मागच्या टोकाला. नट दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत तो अक्ष थांबतो आणि तेथे लहानसा चपटा भाग उरतो. हे चार चपटे डाग यंत्राचे आहेत. फळी कशीही फिरवा, ते यंत्राच्या त्याच चार टोकांना उमटतील. चकतीचा व्यास दोन्ही दिशांनी मोजला तर ज्या अक्षाची ढिलाई जास्त त्या दिशेने तो किंचित कमी भरू शकतो. यासाठी शाळेतल्या ०.१ मि.मी. लघुत्तम मापाच्या कॅलिपरपेक्षा वर्कशॉपमधले ०.०२ मि.मी.चे चांगले.

तिसऱ्या प्रकारचा दोषही असतो. कडेवर सगळीकडे सारख्या अंतरावर बारीक लाटा दिसतात. त्या लाकडाबरोबर फिरत नाहीत आणि चार टोकांनाही चिकटून राहत नाहीत. त्या पात्याच्या किंवा यंत्राच्या थरथरीच्या असतात.

चार चकत्या लागतात त्या दोन गोष्टी बदलायच्या असतात म्हणून. एक, फळीची दिशा. दोन, पाते चकतीभोवती कोणत्या बाजूने फिरते ती दिशा. पाते स्वतःभोवती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. ते चकतीभोवती बाहेरून काट्यांच्या उलट नेले तर धार तयार कडेपासून पुढच्या न कापलेल्या लाकडात शिरते आणि तंतू पुढे फाडत नेते. काट्यांप्रमाणेच नेले तर धार न कापलेल्या लाकडातून तयार कडेकडे येते, तंतू फाटायला पुढे जागा राहत नाही आणि कडा बहुधा स्वच्छ येते. मात्र या दुसऱ्या पद्धतीत पाते स्वतःला लाकडात ओढून घेते. जड यंत्राला त्याचे काही वाटत नाही. ढिलाई असलेले हलके यंत्र मात्र त्यात हिसका खाते. म्हणून हौशी यंत्रावर मधला मार्ग चांगला. पहिला काप काट्यांच्या उलट घ्यावा आणि कडेला ०.२ ते ०.३ मि.मी. लाकूड शिल्लक ठेवावे. मग तेवढाच पातळ थर काट्यांप्रमाणे जाऊन काढावा. थर पातळ असल्यामुळे ओढण्याचा जोर कमी राहतो.

यातून निघणारा उपाय कारणाप्रमाणे बदलतो. कुसे लाकडाची असतील तर नट आवळून उपयोग नाही. डाग नटाचे असतील तर लाकूड बदलून उपयोग नाही. ‘वेग कमी करा, पाते बदला, पॉलिश पेपर मारा’ ही सरसकट कृती दोघांनाही तेच औषध देते.

वरची कड, पक्की पकड आणि एक त्रिकोणमिती

काही कारणे थोडक्यात सांगतो. मळसूत्रासारख्या पीळदार पात्यांत पिळाच्या दिशेला महत्त्व असते. भुसा वर ओढणारे पाते चर साफ ठेवते, पण वरच्या कडेचे तंतूही उचलते. प्लायवूडच्या वरच्या पापुद्र्याची तर चिंधी होते. भुसा खाली दाबणारे पाते वरची कड स्वच्छ ठेवते, पण चरात भुसा कोंबते. सुतार करवत चालवण्याआधी चाकूने किंवा पटाशीने रेघ मारून वरचे तंतू कापून घेतो. यंत्रावर हेच करायचे तर पहिला काप ०.३ मि.मी. इतका उथळ घ्यावा.

पाते पकडीबाहेर किती लोंबते यावरही बरेच अवलंबून आहे. एका टोकाला पकडलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात कमी होते. बाहेरची लांबी दुप्पट केली तर वाकणे आठपट होते, आणि पात्याचा व्यास निम्मा केला तर सोळापट. नाजूक नक्षीसाठी बारीक पाते लावून ते उगाच लांब सोडणारा दोन्ही बाजूंनी नुकसान करून घेतो. फळी फक्त दोन टोकांना क्लॅम्पने धरली तर ती मध्ये थरथरते. म्हणून तिला खालून सर्वत्र आधार हवा.

अक्षरे कोरताना इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे पाते वापरतात. पात्याचा कोन ६०° आणि खोली ‘ख’ असेल तर रेषेची रुंदी २ख × टॅन ३०°, म्हणजे १.१५ख असते. फळी एका टोकाला ०.३ मि.मी. खाली असेल तर रेघ तेथे जवळपास ०.३५ मि.मी.ने अरुंद होते. पाटीवरचे पहिले अक्षर ठसठशीत आणि शेवटचे बारीक का येते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. यावर उपाय असा, की यंत्राच्या तळावर एक साधी फळी पक्की बसवावी आणि सपाट पात्याने तीच वरून तासून घ्यावी. मग तो पृष्ठभाग यंत्राच्या स्वतःच्या चालीशी समांतर होतो. दहावीच्या वर्गात ‘टॅन ३०° चा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्याला ही पाटी दाखवावी.

किती बारीक म्हणजे पुरे?

उठावाचे काम, म्हणजे फूल किंवा चेहरा, गोल टोकाच्या पात्याने ओळीमागून ओळ घेत करतात. दोन ओळींमध्ये लहान कंगोरा उरतो. तो दिसू नये म्हणून ‘ओळी आणखी जवळ घ्या’ असा सल्ला मिळतो. येथेही आकडा मांडून पाहू. पात्याच्या टोकाची त्रिज्या ‘त्र’ आणि ओळींतले अंतर ‘अ’ असेल तर कंगोऱ्याची उंची जवळपास अ² ÷ ८त्र असते. वर्तुळाच्या जीवेचे गणित येणाऱ्याला ही मांडणी जमते. त्रिज्या १.५ मि.मी. आणि अंतर ०.३ मि.मी. घेतले तर उंची ०.०९ ÷ १२ = ०.००७५ मि.मी. येते. अंतर निम्मे केले तर उंची चौथाई होते, पण वेळ दुप्पट लागतो. १० सें.मी. चौरसाच्या कामात ०.३ मि.मी. अंतराने सुमारे ३३ मीटर चालावे लागते. मिनिटाला १,००० मि.मी. वेगाने ती ३३ मिनिटे झाली, आणि अंतर निम्मे केल्यावर ६७.

आता सागाच्या फळीचा आडवा काप पाहा. त्यातली छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात, म्हणजे ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून मोठी आहेत. जेथे लाकूडच एवढे खडबडीत आहे तेथे हजाराव्या भागातल्या कंगोऱ्यासाठी अर्धा तास जास्त घालवण्यात अर्थ नाही. खडबडीतपणा तरीही दिसत असेल तर तो ओळींच्या अंतराचा नाही, उपटलेल्या तंतूंचा आहे. तेव्हा चकतीच्या परीक्षेकडे परत जावे.

पॉलिश पेपर आणि आपण परीक्षक

पत्रकांना न्याय द्यायचा तर त्यांचे एक काम मोलाचे आहे. त्यांतल्या कोष्टकांमुळे नवख्याचे पाते पहिल्याच दिवशी मोडत नाही. सुरुवात कोठून करायची हे ती सांगतात. पॉलिश पेपरलाही माझा विरोध नाही. घासून घोटणे हे सुतारकामातले जुने आणि मानाचे अंग आहे. माझा विरोध आहे तो पुरावा पाहण्याआधी घासून टाकण्याला. खडबडीत कडेवर तिच्या बिघाडाचे कारण लिहिलेले असते. ती आधी पाहावी, भिंगाखाली पाहावी, मोजावी, फोटो काढावा आणि मग खुशाल घासावी.

यात शाळांचा दोष दुय्यम आहे. मुले तेच करतात ज्याला आपण गुण देतो. प्रदर्शनात दहा मिनिटांत निकाल लावायचा असतो, तेव्हा चमकणारी वस्तू परीक्षकाची नजर ओढून घेते. ज्या महाराष्ट्रात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू करून हाताने काम करत विज्ञान शिकवण्याचा प्रयोग केला, आणि जेथे २००२ मध्ये एम.आय.टी.बाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली, तेथे आपण तरी वस्तूच्या चकाकीवर थांबू नये. असे यंत्र शाळेत आणण्याचा हेतू पाट्या बनवणे हा असेल तर गावातला सुतार ते काम चांगले करतो, आणि त्याला त्याचे पैसे मिळणे जास्त योग्य. यंत्राचा शाळेतला उपयोग वेगळा आहे. ते एकच हुकूम न थकता पुन्हा पुन्हा तसाच पाळते, आणि म्हणून त्याच्यावर एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवता येतात. सुताराच्या हाताने हे होत नाही, कारण तो हात चुका आपोआप दुरुस्त करतो.

म्हणून शिक्षकांना माझी एक सूचना आहे. यंत्रावर केलेल्या कोणत्याही वस्तूबरोबर तिचा पहिला, न घासलेला नमुना ठेवायला सांगावे. शेजारी चार ओळी असाव्यात: दोष कोठे होता, कारण काय वाटले, काय बदलले, काय फरक पडला. अर्धे गुण त्या नमुन्याला आणि चार ओळींना द्यावेत. शक्य असेल तर गावातल्या सुताराला एक दिवस वर्गात बोलवावे आणि चकती त्याच्या हातात द्यावी. खडबडीत भागावरून अंगठा फिरवून तो रेषेबद्दल काय सांगतो ते मुलांनी लिहून घ्यावे.

एक खबरदारी येथे सांगितलीच पाहिजे. लाकडाची धूळ निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. एम.डी.एफ.च्या धुळीत डिंकाचे फॉर्मल्डिहाइडही असते. तेव्हा यंत्राशेजारी धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर, तोंडावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. केस आणि ओढणी बांधलेली असावी आणि पाते फिरत असताना हात टेबलाबाहेर असावेत.

पुढे एका मित्राच्या यंत्रावर मी स्वतः चार चकत्या कापल्या. खडबडीत भाग फळीबरोबर फिरले, चपटे डाग जागेवर राहिले. त्या मुलीने सांगितले होते तसेच. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी पत्र लिहिले आणि परीक्षक म्हणून माझे काय चुकले ते कळवले. बक्षीस बदलता येण्यासारखे नव्हते. चकत्या जपून ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या नववीला त्या आधी दाखवाव्यात, एवढी विनंती केली.